दोन वेढे

नामांतराच्या दंगलीत गावाकडची वस्ती जाळली गेली, त्यात माय गेली. तेव्हापासून सखाराम सुट्टीलाही गावी जात नाही. शहरात छावणी भागातल्या भाड्याच्या खोलीत एकटाच खेळत बसतो. चिकलठाण्याच्या त्याच्या कारखान्यात मशीन बसवायला आलेला परदेशी इंजिनिअर जाताना त्याला पटावर खेळायच्या युद्धाच्या खेळांचे दोन डबे देऊन गेला होता. दोन्हींत वेढा पडलेलं गाव एकट्यानं राखायचं. एकात शत्रू फाशांवर चालतो, दुसऱ्यात पत्त्यांवर.

वर्षभर दोन्ही खेळून झाल्यावर त्यानं फाशांचा डबा कारखान्यातल्या भिकनला देऊन टाकला.

"यात काय खोट हाय?" भिकननं विचारलं.

"डोकं लावून खेळलं की गाव वाचतं."

"मंग चांगलाच हाय की! अन् तो पत्त्यांचा?"

"कसंबी खेळ, मदत येईस्तोवर गाव जळतंच. दोनशे डाव झाले, एकदाबी वाचलं नाय."

"लई येडा हायेस गड्या! चांगला मला देतोस, अन् सवता रोज हरायला बसतोस व्हय?"




"वस्ती जळाली त्या दिवशी गावी न जाता मी ओव्हरटाइमला थांबलो होतो, भिकन. घरी असतो तरी माय वाचली नसती, असं फक्त हाच खेळ सांगतो."