काटा टोकाला

लाल वायर टेबलावर पडली होती. वीतभर लांब, करंगळीएवढी जाड, दोन्ही टोकांना तांब्याच्या कड्या. काल तिनंच ती बापाच्या गाडीत मीटरच्या पाठीला आवळून बसवली होती. शेजारी बापाचा पाना.

म्हणजे त्यानं ती काढून टाकली होती आणि तशीच गाडी नेली होती.

गाडी जुनी, बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर नवा आणि दांडगा. चार्जिंगचा मीटर मात्र तीस अँपिअरपर्यंतचाच, आणि सगळा करंट त्याच्याच पोटातून गेला तर तो जळणार. म्हणून तिनं बगलेनं ही वायर जोडली होती. निम्मा करंट बाहेरून जाईल, काटा निम्माच दाखवेल, असं बापाला दोनदा समजावलं होतं. त्यावर तो म्हणाला होता, एवढा रेडा बांधलाय आणि काटा शेळीचा? दहा वर्षं ती गाड्यांचं वायरिंग करत होती. गिऱ्हाईक लांबून यायचं. बापाच्या लेखी ती खेळणी जोडत होती.

तिनं लावलेला फोन त्यानं उचलला नाही. पोरीचा फोन तो उचलतच नसे. आईला लावला, ती गाडीत त्याच्या शेजारीच होती. मागं एसी घोंघावत होता.

"आई, मीटरचा काटा कुठं आहे?"

"टोकाला. हे खूश आहेत."

वास येतोय का, तिनं विचारलं. रबरासारखा येतोय मघापासून, आई म्हणाली, पण हे म्हणतात नव्या मालाला येतोच.

एसी बंद कर, गाडी कडेला, किल्ली बंद, दोघं खाली उतरा. ती एका दमात बोलली. आईनं ते तिकडं पोचवलं, भीत भीत, अर्धमुर्धं. बापाचा आवाज आला. मी गाडी चालवत होतो तेव्हा ती रांगत होती म्हणावं.

मग आई त्याला म्हणाली की मळमळतंय. सीट खराब होईल म्हणून तो थांबला. दार उघडलं. इंजिन चालूच.

"उतरले मी," आई कुजबुजली. "धूर येतोय गं मीटरमधून. बारीक. हे काच पुसतायत रुमालानं."

"बाहेर काढ त्यांना."

"माझं ऐकलंय कधी?"

तिकडं काहीतरी खडखडलं. बाप ओरडला, शिवी अर्ध्यात राहिली आणि इंजिनचा आवाज तुटला. मग चपलांचा आवाज, आईची धाप.

"आई? बोल ना. आई."

"किल्ली काढून घेतली मी."

"आणि बाबा? उतरले?"

"उतरले." आईचा आवाज एकदम लहान झाला. "माझ्याकडेच येतायत."