उलटं हळदीकुंकू

ड्रम लिफ्टमध्ये आडवा घालावा लागला. शामला तो एकटीच ढकलत होती, कारण रसिकाच्या दोन्ही हातांत पोस्टर होतं आणि पोस्टर चुरगळून चालणार नव्हतं.

"सावकाश गं आई, कोपरा दुमडेल."

शामला नुकतीच डायलिसिस वॉर्डमधली नर्सची ड्यूटी संपवून आली होती. पण आज शुक्रवार, इथे आखातात सगळ्यांना सुट्टी, आणि रसिकाचा अकरावीचा प्रोजेक्ट. विषय, साठच्या दशकाच्या शेवटची अमेरिका. वर्गात बाकीच्यांनी काय घेतलं असणार, चंद्रावरचा माणूस नाहीतर लांब केसांचे हिप्पी. रसिकाने घेतलं अडुसष्ट सालचं ते आंदोलन. आत सौंदर्यस्पर्धा चालू, बाहेर बायका जमलेल्या, मध्ये कचऱ्याचा मोठा ड्रम. ज्या ज्या वस्तूने जीव नकोसा केलाय ती आणायची आणि सरळ आत टाकायची. उंच टाचांचे बूट, केसांचे रोलर, पोट आवळायचे पट्टे, फरशी पुसायचे मॉप, काय वाट्टेल ते.

"आणि मग पेटवलं?" शामलाने लिफ्टमध्ये विचारलं.

"सगळ्यांना तसंच वाटतं. पण खाली लाकडी फळ्या होत्या, आगीला परवानगीच नाही मिळाली."

परवानगी इथेही नव्हती. बिल्डिंग सांभाळणारा हारिस आधीच बोलला होता, गच्चीवर हवं ते करा, पण माचिस दिसली तर गच्चीची चावी कायमची माझ्याकडे.

आता खरं सांगायचं तर प्रोजेक्ट हे नुसतं निमित्त होतं. शामलाला आयर्लंडच्या एका हॉस्पिटलची ऑफर आली होती. दोन वर्षं परीक्षा देत होती ती, आणि उत्तर द्यायची मुदत रविवारी संपत होती. तरी घरात कोणी काही बोलतच नव्हतं. रसिकाने विचारलं की पप्पा, म्हणजे प्रभाकर, टीव्हीकडे बघत म्हणायचे, "तिचं ती ठरवेल." झालं. असं म्हणणारा माणूस नक्की अडवतोय, रसिकाची खात्रीच होती. अहमदीच्या तेलकंपनीतल्या ऑफिसातून घरी आला की हा माणूस उठून पाणीसुद्धा घ्यायचा नाही. आणि परवा तर आई रसिकाचा शाळेचा डबा करत होती, तेव्हा चक्क ओट्यापाशी जाऊन उभा. "मोहरी आधी की हिंग?" आता फोडणीतही चुका काढणार.

म्हणून ठरलं. आईने सगळ्यांसमोर, पप्पांच्या डोळ्यांदेखत काहीतरी टाकायचं आणि आयर्लंडला हो म्हणायचं. रसिकाने तिकडच्या शाळासुद्धा बघून ठेवल्या होत्या. एका शाळेत हॉकी होती.

"तू जायचंच," ती शामलाला म्हणाली. "पप्पांना घाबरू नकोस."

"पप्पांना नाही घाबरत मी," शामला म्हणाली आणि ड्रम सरळ करायला वाकली.

पाचच्या सुमारास बिल्डिंगमधल्या बायका गच्चीवर जमू लागल्या. पाण्याच्या टाक्या, डिश अँटेना, पलीकडे समुद्राची पट्टी, आणि मध्ये निळा ड्रम. शामलाने पोस्टर चिकटवलं, सतरंजी अंथरली, वडे तळून आणले होते ते मांडले. रसिका मोबाइलवर शूटिंगचा अँगल बघत होती.

"आई, चटणी?"

"आणते."

तिसऱ्या मजल्यावरच्या जमिलाचाची पहिल्या आल्या. रत्नागिरीच्या. दर जानेवारीत शामलाकडे हळदीकुंकवाला येऊन स्टीलची वाटी घेऊन जायच्या.

"म्हणजे हे उलटं हळदीकुंकू झालं गो," त्या म्हणाल्या. "वाण न्यायचं नाही, आणून टाकायचं."

आणि त्यांनी पदराआडून नारळाची खवणी काढली. "मिक्सर आहे, पावडर आहे, फ्रोजन पण मिळतो. पण आमच्या ह्यांना नारळ ताजाच हवा. चोवीस वर्षं खवतेय." धाडकन खवणी आत. बायकांनी टाळ्या वाजवल्या. शामलाच्या वॉर्डमधल्या ताहिराने नणंदेच्या लग्नातले सोनेरी सँडल टाकले. कोणी गोरं व्हायचं क्रीम टाकलं, कोणी वजनकाटा. एकीने लाटणं टाकलं, लगेच परत काढलं, मग पुन्हा टाकलं, आणि सगळ्या हसून लोळायच्या बाकी राहिल्या.

प्रभाकर टाकीपाशी वड्याची प्लेट घेऊन उभे होते. एकटेच पुरुष.

"काय प्रभाकर भावजी, भीती वाटते की नाही?" जमिलाचाचींनी टोमणा मारला.

"वाटते ना," प्रभाकर म्हणाले. "पण माझी पाळी होऊन गेली."

कोणी लक्ष दिलं नाही. रसिका ड्रमवर थाप मारत होती. "आता आई. आई, तुझी पाळी. घाबरायचं नाही. ज्याने तुला इतकी वर्षं बांधून ठेवलं ते आण. कोणाला काय वाटेल ते वाटू दे."

शामला तिच्याकडे बघत राहिली. "नक्की?"

"नक्की म्हणजे काय. हंड्रेड पर्सेंट."

शामला खाली गेली. प्रभाकरांनी प्लेट कठड्यावर ठेवली आणि ताठ उभे राहिले. रसिकाने कॅमेरा त्यांच्या चेहऱ्यावर धरला. आता यांचा चेहरा कसा पडतो ते सगळ्या जगाने बघायला हवं होतं.

जिन्याचं दार वाजलं. बायका दाराकडे वळल्या. प्रभाकर मात्र बायकोकडे बघत नव्हते, मुलीकडे बघत होते. रसिकाने मोबाइल वळवला आणि स्क्रीनवर तिला आईच्या हातातली वस्तू दिसली.

"आई, तो माझा शाळेचा डबा आहे."

"माहितेय," शामला म्हणाली आणि तिने डबा ड्रममध्ये टाकला. "मी हो कळवलंय. एकटीच जातेय."