शेवंताचा आवाज

दवाखान्यातून घरी येताच रामलिंगने कानांतले कापसाचे बोळे काढले. यंत्रमागांच्या खडखडाटात मेलेल्या श्रवणपेशी नव्या औषधाने पुन्हा वाढल्या होत्या. भिंतीवरचे घड्याळही आता ऐकू येत होते. मात्र समोर पत्नी शेवंताचे केवळ ओठ हलत होते.

“मोठ्यानं बोल की. तुझा आवाज ऐकायलाच कानात सुया टोचून घेतल्या.”

“सवय मोडली,” ती ओशाळून म्हणाली. “तुम्ही ओठ वाचायचा. मग आवाज काढायचा कुणासाठी?”

तो आवाज घोगरा, परका होता. ज्या आवाजासाठी रामलिंग तळमळला होता, तो वापराविना कधीच विझला होता.

“कसा वाटला?” तिने विचारले.

“होता तसाच आहे.”

शेवंताने त्याचा चेहरा निरखला. मग नुसतेच ओठ हलवत ती म्हणाली, “जेवून घ्या.”