ताटाभोवतीचं पाणी

संध्याकाळी मंगळावर उतरायचं होतं. जेवायला बसलेल्या हेरंबने सवयीप्रमाणे ताटाभोवती पाणी फिरवलं, पण थेंब खाली पडलेच नाहीत. ते हवेतच तरंगत राहिले. पाठोपाठ ताट वर उचललं गेलं, आणि हेरंबही.

"गार्गी, बघ, अंगात वजनच उरलं नाही," तो लहान मुलासारखा हसत म्हणाला. "थांबलो वाटतं आपण. पोचलो एकदाचे."

गार्गीने झटकन खिडकीकडे पाहिलं. कालपासून यान वेग कमी करत होतं, म्हणून तर पाय जमिनीला टेकत होते.

"थांबलो नाही रे," ती कशीबशी म्हणाली. "ब्रेक गेलाय. वेग आहे तेवढाच आहे."

जेवायला बसताना खिडकीतला मंगळ वाटीएवढा होता. आता तो ताटाएवढा दिसत होता.