डोळ्यांत खुपणारं

"गॉगल बसलाय छान," कुमुदबाई म्हणाल्या. "वाकलं तरी घसरत नाही, कानामागे टोचत नाही. तिरीपसुद्धा येत नाही. पण परवापासून माझी धाकटी जाऊ दिसेनाशी झालीय."

जळगावच्या त्या चष्म्याच्या दुकानात धाकटी जाऊ, शैला, त्यांच्या शेजारीच उभी होती.

दुकानदार बऱ्हाटेंनी गॉगल हातात घेतला. "नेताना सांगितलं होतं ना, डोळ्यांत काय खुपतं ते बोलत राहा, काच तेवढंच पुसून टाकेल." काडीवरचं बटण दाबून त्यांनी यादी वाचली. "समोरच्या शेडचा पत्रा. गाड्यांच्या काचा. दुपारचा डांबरी रस्ता. शैलाचा नवा बंगला. शैला."

कुमुदबाईंनी गॉगलसाठी हात पुढे केला.

"नाव काढता येतं," बऱ्हाटे म्हणाले. "खुपत नाही, असं म्हणा. आवाज खरा वाटला की काच ऐकते."

कुमुदबाईंनी गॉगल चढवला. "नाही खुपत," त्या म्हणाल्या. मग आणखी दोनदा म्हणाल्या. शेजारची जागा रिकामीच राहिली.

त्या रिकाम्या जागेतून आवाज आला, "भाऊ, असाच एक मलाही दाखवा. नाकावर घट्ट बसेल असा."