जोत्याची खूण

"मॅडम, आकडा सांगा," इंजिनिअर म्हणाला. "गाड्या येऊन उभ्या आहेत."

फाटकाशी काँक्रीटच्या दोन गाड्या होत्या, त्यांची पोटं गरगर फिरत होती. कालवलेला माल दीड तासच ओला राहतो, आणि त्यातला अर्धा तास रस्त्यातच गेला होता. प्रसूतिगृहाच्या नव्या इमारतीचं जोतं आज भरायचं होतं, पण ते किती उंच घ्यायचं हेच ठरलं नव्हतं. चहूबाजूंनी फळ्या ठोकून तयार होत्या. त्यांवर खूण नव्हती. कमिटीने तीन बैठका घेतल्या, भरपूर डोकेफोड केली आणि शेवटी लिहून टाकलं, समुद्रवाल्या मॅडम सांगतील तसं.

समुद्रवाली मॅडम फळीजवळ उभी होती. हातात लाल खडू. समुद्राचं पाणी किती चढेल याचा अंदाज बांधण्यात तिची बारा वर्षं गेली होती, पण ती सगळी कागदावर. खडू हातात पहिल्यांदाच आला होता.

"अहवालात दिलंय," ती म्हणाली. "पान बावीस."

"पान बावीस मला तोंडपाठ झालंय. तिथे तीन आकडे आहेत. पन्नास सेंटिमीटर, नव्वद, नाहीतर एकशे साठ." त्याने फळीवर थाप मारली. "मला एकच जोतं भरायचंय."

"सत्तर वर्षांनंतरचं पाणी आहे ते. तोवर जग किती धूर सोडतं त्यावर अवलंबून आहे. इथली जमीन दरवर्षी थोडी खचतेय, ते वेगळंच. आणि तिकडे दक्षिण ध्रुवाला बर्फ खालून पोखरला जातोय. तो धरून राहील की सुटेल, हे खरंच कुणाला माहीत नाही."

"मग एकशे साठ घेऊ. चिंताच मिटली."

"घ्या की," मागून आवाज आला. "आणि बायकांना अंगणात झोपवा."

ताई आली होती, ड्युटी मध्येच सोडून, गणवेशातच. जुन्या प्रसूतिगृहाची ती मोठी सिस्टर आणि मॅडमची सख्खी थोरली बहीण.

"जोतं दहा सेंटिमीटर चढलं की स्ट्रेचरचा उतार सव्वा मीटर लांबतो," ती इंजिनिअरला म्हणाली. "बाहेर रस्ता आहे. म्हणजे उतार माझ्या वॉर्डात घुसणार. एकशे साठ केलंत तर विसातल्या आठ खाटा गेल्या. मागच्या महिन्यात दोघी व्हरांड्यात बाळंत झाल्यात. माझा आकडा पक्का आहे, त्याला पान बावीस लागत नाही."

पहिल्या गाडीचा ड्रायव्हर खाली उतरला, घड्याळ पाहून परत वर चढला.

मॅडम फळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली, परत आली. खाली बसून टेप लावली, एक रेघ ओढली आणि लगेच तळहाताने पुसली. तिच्या वर दुसरी ओढली, तीही पुसली. पन्नास धरलं आणि बर्फ सुटला, तर खाटांखाली पाणी. एकशे साठ धरलं आणि नाही सुटला, तर सत्तर वर्षं बायका उगाच व्हरांड्यात. चूक कुठलीही झाली तरी तिच्याच नावावर, आणि ती चूक बघायला बहुधा ती स्वतः नसणार.

"ताई, नव्वदला किती जातात?"

"तीन."

तिने नव्वदवर रेघ ओढली. या वेळी पुसली नाही.

"भरा."

इंजिनिअरने हात वर केला. पाइप थरथरला आणि माल धबाधबा पडू लागला.

नळाखाली तिने हात दोनदा धुतले, तरी लाल निघेना. फाटकापर्यंत जाऊन आली. ताई तिथेच उभी होती.

"बरोबर आहे ना ग आकडा?"

"माहीत नाही."

"अगं, एवढ्या ठसक्यात भरा म्हणालीस."

"गाड्या उभ्या होत्या."

ताईला हसू आलं. "आम्हीसुद्धा गरोदर बाईला तारीख देतो. अगदी त्याच दिवशी शंभरात पाचेक जणी बाळंत होतात."

"मग देता कशाला?"

"तारीख दिली की पिशवी भरून ठेवतात. कळा सुरू झाल्यावर कपडे कुठे शोधत बसणार?"

मॅडम ओले हात ओढणीला पुसत फळ्यांवरून तोल सावरत इंजिनिअरकडे गेली.

"पाया किती मजल्यांचा घेतलाय?"

"दोन. परवानगी एकाचीच आहे."

"मग छत टाकाल तेव्हा खांबांच्या सळया वर मोकळ्या सोडा. कापू नका. वॉर्ड वर न्यायची वेळ आली तर."

"कधी येईल?"

"ते नाही सांगता येणार."

त्याने वहीत लिहून घेतलं. मग जरा घुटमळला.

"मॅडम, सळया अशा वर दिसल्या की बरं वाटत नाही. लोकांना वाटतं, इमारत अर्धवट राहिली."

"अर्धवटच आहे," ती म्हणाली, आणि दुसऱ्या गाडीचा माल रेघेला टेकेपर्यंत तिथून हलली नाही.