दोनदा हॉर्न

अप्पांनी पाचव्यांदा किल्ली फिरवली. गाडी घरघरली, खोकली आणि गप्प झाली.

"अगंबाई!" लेक दारातून म्हणाली. जमेल तेवढं आश्चर्य तिने आवाजात ओतलं.

खरं तर तिचा जीव आत्ता कुठे भांड्यात पडला होता. सकाळी दूध गॅसवर ठेवून ती गुपचूप अंगणात आली, बॉनेट उघडलं आणि आतल्या डबीतला हाताला लागला तो फ्यूज उपटून पर्समध्ये टाकला. इलाजच नव्हता. गेल्या आठवड्यात अप्पांनी फाटकाच्या खांबाला गाडी घासली आणि वर म्हणाले, खांबच पुढे आलाय! असा माणूस आज नातीला हमरस्त्यावरून पोहायला नेणार होता. तिने सांगून बघितलं, रडून बघितलं. "चाळीस वर्षं चालवतोय," एवढंच उत्तर.

"आजोबा, हॉर्न तरी वाजवा," नात म्हणाली. निघताना दोनदा हॉर्न, हा दोघांचा नेम.

अप्पांनी हॉर्न दाबला. आवाज नाही. पुन्हा दाबला.

"आता याला काय धाड भरली?" ते चक्रावून गेले. गाडी सुरू होत नव्हती तेव्हाही त्यांचा चेहरा इतका उतरला नव्हता.

नातीला शेजारच्या काकूंबरोबर बसने पाठवलं. अप्पांनी फोन केला आणि दहा मिनिटांत त्यांचा वीस वर्षांपासूनचा मेकॅनिक हजर झाला. डबीतली रिकामी जागा त्याला दिसणार, मग काय सांगायचं? लेकीने पर्स काखेत घट्ट धरली.

मेकॅनिकने बॉनेटमध्ये डोकं खुपसलं. जरा थबकला. मग दोन ठिकाणी ठोकलं आणि फडक्याला हात पुसले.

"अप्पा, म्हातारीने मान टाकली. हिचे पार्ट आता मिळत नाहीत."

"म्हणजे भंगारात?"

"दुसरं काय!"

लेक श्वास रोखून भांडणाची वाट बघत होती. अप्पांनी टपावरून एकदा हात फिरवला.

"गाडीनेच हात टेकले, तर मी काय करणार?" त्यांनी किल्ली लेकीच्या हातात ठेवली आणि चहा टाकायला आत गेले. चक्क गुणगुणत.

संपलं! इतक्या सहज! तिला हसावं की रडावं कळेना. ती धावत फाटकाशी गेली आणि मेकॅनिकच्या तळहातावर फ्यूज ठेवला.

"दादा, सांभाळून घेतलंत हो. हा मीच काढला होता."

त्याने फ्यूज निरखला आणि तो खो खो हसत सुटला.

"म्हणजे हॉर्न तुम्ही घालवलात होय! मघाशी मीही बुचकळ्यात पडलो."

"हॉर्न? मग गाडी कशाने बंद पडली?"

मेकॅनिकने खिशातून काडेपेटीपेक्षा लहान एक काळा चौकोनी ठोकळा काढला.

"हा नसेल तर इंजिनला पेट्रोल मिळत नाही," तो म्हणाला. "काल अप्पा चालत आले आणि माझ्या हातात देऊन गेले. म्हणाले, 'मला आता खांब दिसत नाही रे. पण लेकीला कळलं तर ती हाय खाईल; तू आपलं गाडी मेली म्हणून सांग.'"